बेअरिंग-पट्टा बदलल्यावर टेबल सॉ पुन्हा लाइनीत कसा आणायचा

टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडने लाकूड चिरणाऱ्या मशीनचं, बेअरिंग गेलं, पट्टा तुटला किंवा ब्लेड वर-खाली करणारा गिअर झिजला, की आपण पार्ट आणतो, बसवतो आणि स्विच दाबतो. ब्लेड फिरतं, आवाज छान येतो, काम झालं असं वाटतं. मग पहिलीच फळी चिरताना कडेला काळा चटका पडतो, शेवटच्या वीतभरात काप जड जातो, नाहीतर फळी मागून उचलली जाते आणि सरळ पोटाच्या दिशेने येते.

नवा पार्ट बसवणं हे निम्मंच काम आहे. बेअरिंग बदललं की शाफ्टची, म्हणजे ब्लेड फिरवणाऱ्या दांड्याची, जागा केसभर का होईना सरकते. ब्लेड, फेन्स (चिरताना लाकूड जिला टेकवून सरकवतात ती लांब पट्टी), ९० अंशाचा थांबा (ब्लेड काटकोनात अडवणारा स्क्रू), मोजपट्टीचा काटा, ब्लेडमागची पाती ही सगळी मापं त्या शाफ्टच्या जुन्या जागेवरून लावलेली असतात, त्यामुळे ती सगळी नव्याने लावावी लागतात. त्यातही क्रम चुकला तर एक लावताना दुसरं बिघडतं आणि दिवस वाया जातो. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि काम करतानाही तोच क्रम धरा.

आकडा डोळ्यांसमोर असू द्या. १० इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर असतो. लाइनीत नसलेलं ब्लेड याच वेगाने लाकूड तुमच्याकडे फेकतं. काप सुबक येणं ही पुढची गोष्ट, आधी बोटं आणि पोट.

आधी मशीन ओळखा

बिडाचं टेबल, पट्ट्यावर चालणारा शाफ्ट आणि १० किंवा १२ इंची ब्लेड असं मशीन धरून मी लिहितो आहे. खाली वाकून टॉर्च मारा आणि ब्लेडचा सांगाडा, म्हणजे शाफ्ट धरून ठेवणारा भाग, कशाला बांधलेला आहे ते बघा.

काही मशीनमध्ये तो टेबलाच्याच पोटाला बोल्टने टांगलेला असतो. अशा ठिकाणी सांगाडा सरकवायचा. जड, पेटीबंद मशीनमध्ये सांगाडा खालच्या पेटीवर बसतो आणि टेबल वरून वेगळं कसलेलं असतं. तिथे सांगाड्याला हात लावायचा नाही, टेबल सरकवायचं. आपल्याकडे गावोगावच्या वर्कशॉपमध्ये तिसराच प्रकार जास्त दिसतो: अँगलची फ्रेम, वर जाड प्लेट किंवा बिडाचं टेबल, आणि खाली शाफ्ट दोन पेडेस्टल बेअरिंगवर (बोल्टने कसायच्या पायात बसवलेली बेअरिंग). तिथे पेडेस्टलचे बोल्ट सैल करून शाफ्टच फिरवावा लागतो.

साइटवर न्यायच्या छोट्या मशीनमध्ये मोटर थेट गिअरने ब्लेडला जोडलेली असते. तुमचं तसं असेल तर पट्ट्याची पायरी सोडून द्या. मशीन वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः काही उघडू नका. बिल आणि सीरियल नंबर घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा.

जवळ काय काय हवं

- मशीनचं पुस्तक आणि त्यातली पार्टची यादी. पुस्तक हरवलं असेल तर मोटरच्या आणि मशीनच्या प्लेटचे फोटो
- काढलेलं जुनं बेअरिंग आणि जुना पट्टा. नंबर वाचून झाला तरी काम संपेपर्यंत टाकू नका
- पाने, ॲलन की, सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडवणारी रिंग) काढायची पक्कड, बेअरिंग ओढून काढायचा पुलर
- नायलॉनचा किंवा रबरी हातोडा, लाकडी ठोकळे
- इंजिनिअरिंगच्या दुकानात मिळतो तो पोलादी गुण्या. सुतारकामाचा जुना, लाकडी दांड्याचा गुण्या इथे चालणार नाही
- १ मीटरची सरळ पोलादी पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच)
- डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) असेल तर उत्तम. नसेल तर टेबलाच्या खाचेत बसणारी सागाची पट्टी आणि एक पितळी स्क्रू
- पितळी शिम पत्रा, म्हणजे फट भरायला बोल्टखाली घालायचा पातळ पत्रा. तो नाही मिळाला तर कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनचा तुकडा, तो साधारण ०.१ मिमी जाड असतो
- तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, थोडं डिझेल, मेण
- धार चांगली असलेलं, न वाकलेलं ब्लेड

शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. बोथट ब्लेडही लाकूड जाळतं आणि काप जड करतं. त्या ब्लेडवर मापं घेत बसलात तर नसलेला दोष शोधत राहाल.

पायरी १ : वीज तोडा

स्विच बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढा. थ्री फेजचं मशीन असेल तर आयसोलेटर (मेन स्विच) बंद करून कटआऊट (फ्यूज) काढा आणि ते खिशात ठेवा. वर्कशॉपमध्ये दुसरा माणूस असतो, वीज गेली असं समजून तो मेन चालू करतो, आणि त्या वेळी तुमचा हात ब्लेडपाशी असतो. सिंगल फेज मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही चार्ज राहू शकतो, त्याच्या टोकांना हात लावू नका.

ब्लेड काढताना नट कुठल्या बाजूला फिरवायचा यावर हमखास गोंधळ होतो. काही मशीनमध्ये आटे उलटे असतात. एकच लक्षात ठेवा: चालू असताना ब्लेड ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो. दाताशी लाकडी ठोकळा अडकवून नट सोडा. हातात ब्लेड धरून जोर लावू नका.

पायरी २ : साफसफाई आणि खुणा

खोलण्याआधी फोटो काढा. शिम कुठे होती, वॉशर किती होते, स्प्रिंग वॉशरचं तोंड कुठल्या बाजूला होतं, सगळं. बोल्टच्या डोक्याभोवती मार्करने गोल करा. सांगाड्याची जुनी जागा कळायला ती खूण उपयोगी पडते, पण नवा पार्ट आल्यावर ती फक्त अंदाजापुरती. तिच्यावर बोल्ट जुळवून काम संपवू नका.

कोकणात आणि घाटमाथ्याला पावसाळ्यात भुसा ओल धरतो आणि गिअरच्या दात्यांत सिमेंटसारखा बसतो. तो टूथब्रश आणि डिझेलने पूर्ण काढा. ९० आणि ४५ अंशाचे थांबे जिथे टेकतात ती जागा टॉर्च लावून बघा. तिथे गव्हाच्या दाण्याएवढी भुशाची गोळी राहिली तरी ब्लेड काटकोनात येत नाही. साफ झाल्यावर गिअरला ग्रीस फासू नका. ग्रीसला भुसा चिकटतो आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. मेण किंवा कोरडं ग्राफाइट लावा.

पायरी ३ : बेअरिंग नीट बसलंय का?

बेअरिंग तुम्ही बदललं असो वा मिस्त्रीने, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नंबर जुळवा. ६२०३ चं आतलं भोक १७ मिमी आणि बाहेरचा व्यास ४० मिमी, ६२०४ चं भोक २० आणि बाहेरचा व्यास ४७. पुढची अक्षरंही बघा. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील, झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं. भुशाच्या मशीनला २आरएसच घ्या.

शाफ्टवर बेअरिंग चढवताना दाब आतल्या रिंगवर हवा, बेअरिंगच्या घरात (हाउसिंगमध्ये) बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट केलंत तर दाब गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. हातोड्याने थेट ठोकणं तर नकोच. योग्य मापाची नळी घ्या, नाहीतर प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये जा.

जुनं बेअरिंग जाम होऊन आतली रिंग शाफ्टवर फिरली असेल तर शाफ्टची बैठक, म्हणजे बेअरिंग बसतं ती जागा, झिजते आणि नवं बेअरिंग हाताने आत सरकतं. अशा वेळी बरेच मिस्त्री शाफ्टवर पंचाने टिपके मारून ते घट्ट करतात. हे करू देऊ नका. टिपक्यांच्या टोकांवर बसलेलं बेअरिंग मध्यावर राहत नाही, आणि ती टोकं दबली की पुन्हा सैल. शाफ्ट लेथवाल्याकडे न्या, बैठक भरून पुन्हा मापात टर्निंग करून घ्या. खर्च होतो, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या या बैठकीवर उभ्या आहेत.

सगळं बसल्यावर शाफ्ट हाताने फिरवा. तो कुठेही न अडखळता फिरला पाहिजे. मग धरून आत-बाहेर ओढा. खडखड जाणवली तर सर्क्लिप, कॉलर किंवा वॉशर राहिलाय.

पायरी ४ : पुली आणि पट्टा

पोलादी पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडांवर टेकवा. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. एका ठिकाणी उजेड दिसला तर मोटर सरकवा किंवा पुली शाफ्टवर आत-बाहेर करा. मग चावी (शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसणारा पोलादी तुकडा) जागेवर आहे ना ते बघून पुलीचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) कसा.

पट्टा किती ताणायचा? दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने बऱ्यापैकी दाबल्यावर, दर १०० मिमी अंतरामागे साधारण दीड मिमी दबला पाहिजे. म्हणजे मधलं अंतर ३०० मिमी असेल तर ५ मिमीच्या आसपास. सतारीच्या तारेसारखा ताणलेला पट्टा नव्या बेअरिंगचा जीव घेतो. दोन-तीन पट्टे शेजारी शेजारी असतील तर सगळे एकदम बदला. एक नवा आणि एक जुना असा संसार चालत नाही, सगळा भार नव्यावर येतो.

थ्री फेज मोटर सोडवून पुन्हा जोडली असेल तर ब्लेड लावण्याआधी, नट काढून, नुसता शाफ्ट क्षणभर फिरवून दिशा बघा. दोन फेज अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते. वरच्या बाजूचे दात तुमच्याकडे, म्हणजे उभं राहायच्या बाजूला यायला हवेत. बघून झालं की पुन्हा वीज तोडा.

पायरी ५ : ब्लेड आऊट आहे का, म्हणजे फिरताना डुलतंय का?

फ्लँज, म्हणजे ब्लेड जिला टेकून कसलं जातं ती चकती, डिझेलने पुसा. बोटाच्या पेराने तिच्या कडेवरून फिरवा, कुठे बारीक उंचवटा लागला तर तेलाच्या दगडावर हलका घासून काढा. लाकडाचा चीक सुकून तिथे पापुद्रा बसतो, डोळ्याला दिसतही नाही. फ्लँजचा व्यास ६० मिमी आणि ब्लेडचा २५०, म्हणजे फ्लँजवरची चूक दातापाशी चौपट होते. फ्लँजवर ०.०२ असेल तर दाताजवळ ०.०८.

आता ब्लेड लावा, टेबलावर डायल ठेवून तिची टीप दातांच्या जरा आत, ब्लेडच्या सपाट भागावर टेकवा आणि ब्लेड हाताने सावकाश फिरवा. काटा ०.१ मिमीच्या आत हलला तर ठीक. जास्त हलला तर सगळ्यात फुगलेल्या जागी ब्लेडवर मार्करने खूण करा, तशीच खूण शाफ्टच्या टोकावर करा. नट सोडा, ब्लेड शाफ्टवर पाव फेरी फिरवून पुन्हा कसा आणि परत मोजा. फुगवटा ब्लेडवरच्या खुणेपाशीच राहिला तर ब्लेड वाकडं आहे. शाफ्टवरच्या खुणेबरोबर राहिला तर दोष शाफ्टमध्ये किंवा फ्लँजमध्ये. शाफ्ट वाकडा निघाला तर इथेच थांबा आणि तो आधी दुरुस्त करा.

ब्लेडचं भोक आणि शाफ्ट यांचं मापही जुळवा. बाजारात २५.४ आणि ३० मिमी अशी दोन्ही भोकं मिळतात. मोठ्या भोकाचं ब्लेड लावताना बुश वापरली तर ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा किंचित पातळ हवी. जाड असेल तर फ्लँज बुशवर आवळली जाते आणि ब्लेड मोकळंच राहतं.

पायरी ६ : ब्लेड आणि खाच समांतर

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका.

टेबलावर ब्लेडच्या शेजारी जी लांब खाच असते, जिच्यात कोनाचं गेज (आडवा काप घेताना लाकूड ज्याला टेकवतात ते) सरकतं, ती तुमची मूळ रेषा. ती टेबलातच कोरलेली आहे, ती हलत नाही. ब्लेड तिला समांतर करायचं, मग फेन्स तिला समांतर करायची. फेन्सवरून ब्लेड किंवा ब्लेडवरून फेन्स लावायला गेलात तर दोन्ही वाकडी राहून एकमेकांना समांतर होतील, आणि कोनाच्या गेजवर घेतलेला आडवा काप तरीही खराब येईल.

समांतर नसलं की होतं काय? पुढचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र टेबलाखालून वर येत असतात. ब्लेडची मागची बाजू फेन्सकडे वळलेली असेल तर कापून झालेलं लाकूड तिथे अडकतं, वर येणारे दात ते उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात.

मोजायची पद्धत अशी. ब्लेड पूर्ण वर घ्या, ९० अंशावर. एका दातावर खूण करा. दात आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे झुकलेले असतात, तेव्हा खाचेच्या बाजूला झुकलेला दात निवडा. तो दात पुढे, टेबलाच्या जरा वर आणा. खाचेत बसणाऱ्या पट्टीवर डायल बांधून टीप त्या दाताला टेकवा आणि काटा शून्यावर लावा. आता ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, पट्टी सरकवत मागे न्या आणि पुन्हा मोजा. दात तोच ठेवल्यामुळे ब्लेडचा आणि दातांचा स्वतःचा वाकडेपणा मापात येत नाही. पुढे एक दात आणि मागे भलताच दात मोजलात तर आलेला आकडा निरर्थक आहे.

डायल नसेल तर हिरमुसू नका. सागाची सरळ पट्टी खाचेत अजिबात न हलता सरकेल इतकी रंधून घ्या, तिच्यावर आडवी पट्टी ठोका आणि टोकाला पितळी स्क्रू बसवा. स्क्रू पुढच्या दाताला नुसता घासेल, बारीक खर्र आवाज येईल इतका बाहेर काढा. मागे नेल्यावर तोच आवाज आला तर काम झालं. फट राहिली तर फीलर गेजने मोजा. फीलर गेजही नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एक कागद अडकत सरकला तर ठीक, दोन गेले तर दुरुस्ती हवी. माझ्या मते या स्क्रूच्या जुगाडाने लावलेलं मशीन घरगुती फर्निचरला पूर्ण पुरतं. पट्टी मात्र प्रत्येक वेळी खाचेच्या एकाच भिंतीला दाबून धरा.

फरक ०.१ मिमीच्या आत आणायचा. ०.०५ जमलं तर फारच छान, त्याखाली जायचा हट्ट धरू नका.

आता दुरुस्ती. सांगाडा टेबलाला टांगलेला असेल तर चारपैकी तीन बोल्ट सैल करा, चौथा पुढचा एक नुसता धरून ठेवण्याइतका कसलेला ठेवा. तो खुंटी होतो. मागच्या बाजूला लाकडी ठोकळा ठेवून नायलॉनच्या हातोड्याने हलकी टिचकी मारा, मोजा, पुन्हा टिचकी. पेटीबंद मशीनमध्ये हेच टेबलाच्या बोल्टवर करा. टेबल जड असतं, त्याला टिचकीऐवजी क्लँप लावून हळूहळू दाबलेलं बरं. पेडेस्टलच्या मशीनमध्ये पट्ट्याच्या बाजूचं पेडेस्टल तसंच ठेवा आणि ब्लेडच्या बाजूचं सरकवा, म्हणजे पुलीची लाइन कमीत कमी बिघडते. तरीही नंतर पायरी ४ मधली पट्टी एकदा टेकवून बघाच.

बोल्ट कसताना एकच बोल्ट एकदम पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे कसा. आणि कसून झाल्यावर पुन्हा मोजा. बोल्ट आवळताना सांगाडा सरकतो, दर वेळी सरकतो. नवखी माणसं इथेच फसतात, कारण सैल असताना आकडा अचूक आलेला असतो आणि परत मोजायचा कंटाळा येतो. मागे बोल्ट बसायला बिडाचा कान (बाहेर आलेला भाग) असेल तर जास्त जोर लावू नका. बीड वाकत नाही, सरळ तुटतं.

ब्लेड तिरकं करता येत असेल तर ४५ अंशावर नेऊन हेच माप पुन्हा घ्या. ९० ला बरोबर आणि ४५ ला चूक असं निघालं तर टेबल आणि सांगाडा पुढे-मागे उंचीला समतल नाहीत. सांगाडा आणि टेबल ज्या बोल्टने जुळलेत, त्यातल्या पुढच्या जोडीखाली एक-एक शिम घाला आणि मोजा. फरक वाढला तर तीच शिम मागच्या जोडीखाली न्या. यानंतर ९० अंशाचं माप पुन्हा घ्यावं लागतं. ही फेरी कंटाळवाणी आहे, पण तुम्ही तिरके काप कधी घेतच नसाल तर ती नंतरवर टाकली तरी चालेल.

पायरी ७ : फेन्स

फेन्स खाचेच्या कडेला लावा, लॉक करा आणि लॉक केल्यानंतर बघा. काही फेन्सचं मागचं टोक लॉक करताना सरकतं, त्यामुळे लॉक न करता घेतलेलं माप खोटं. पुढे आणि मागे खाचेपासूनचं अंतर एकसारखं हवं.

काही सुतार मागचं टोक मुद्दाम ०.१ मिमीच्या आसपास बाहेर ठेवतात, लाकूड अडकू नये म्हणून. त्यात गैर काही नाही. मी समांतरच ठेवतो, कारण मला फेन्स ब्लेडच्या दोन्ही बाजूंना वापरावी लागते. पण मागचं टोक आत, ब्लेडकडे, कधीही नको. कागदाच्या जाडीइतकंही नको.

फेन्सचा उभा पृष्ठभाग टेबलाशी काटकोनात आहे ना ते गुण्याने बघा. मोजपट्टीचा काटा सगळ्यात शेवटी, खरोखर एक पट्टी चिरून आणि ती वर्नियर कॅलिपरने मोजून लावा. ब्लेड बदललं आणि नव्याच्या दातांची जाडी ३.२ ऐवजी २.४ असली तरी काटा चुकतो.

पायरी ८ : ९० आणि ४५ चे थांबे

ब्लेड पूर्ण वर घ्या. गुण्या ब्लेडच्या पत्र्याला टेकवा, दातांना नाही. मागे टॉर्च धरा, वरपासून खालपर्यंत उजेड दिसता कामा नये. तसं ब्लेड आणा, मग थांब्याचा स्क्रू टेकवा आणि नट आवळा. ४५ लाही तेच.

खरी परीक्षा कापाची. ७०-७५ मिमी जाडीचा सरळ तुकडा उभा धरून, फेन्स दूर करून, कोनाच्या गेजवर मधोमध आडवा कापा. एक अर्धा उलटा करून दुसऱ्याला भिडवा. दिसेल ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे गुण्याला न दिसलेलं इथे दिसतं.

कोनाचं गेज तपासायला एमडीएफचा चौकोन घ्या. एक बाजू कापा, कापलेली बाजू गेजला लावून पुढची कापा, असं चारही बाजू फिरून पहिल्या बाजूची पाचवी पट्टी काढा. त्या पट्टीची दोन्ही टोकांना जाडी मोजा. जाडीतला फरक भागिले ४ एवढी चूक त्या लांबीत आहे. पट्टी ४०० मिमी लांब आणि फरक ०.४ असेल तर चूक ०.१ मिमी, म्हणजे फर्निचरला चांगलंच.

पायरी ९ : ब्लेडमागची पाती

ब्लेडच्या मागे जी पोलादी पाती उभी असते, जी चिरलेली फट मिटू देत नाही, तिला कंपनीच्या पुस्तकात रायव्हिंग नाइफ किंवा स्प्लिटर म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये ती भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली असते. ती परत लावा. सागाची किंवा आंब्याची फळी चिरताना लाकडातला ताण सुटतो आणि चिरलेले दोन भाग ब्लेडवर मिटतात. त्या वेळी मशीन कितीही लाइनीत असलं तरी उपयोग नाही, ही पातीच वाचवते.

पातीची जाडी दातांच्या कापापेक्षा कमी आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त हवी. दातांचा काप ३.२ आणि पत्रा २.२ असेल तर साधारण अडीचची पाती चालते. पोलादी पट्टी ब्लेडला टेकवून पाती त्याच रेषेत आणा. वर येणाऱ्या दातांपासून ती ३ ते ८ मिमीवर हवी.

ब्लेडभोवतीची झाकणपट्टी टेबलाच्या पातळीत बसवा. पुढे किंचितही वर असेल तर लाकूड तिथे अडखळतं. तिच्यातली फट रुंद झाली असेल तर पट्टी फेकून प्लायची नवी, अरुंद फटीची करा. मग बारीक ढलप्या फटीत पडून ब्लेडशेजारी अडकत नाहीत.

पायरी १० : वीज जोडून चाचणी

टेबलावरची सगळी हत्यारं उचला, पाने मोजा. ब्लेड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. चष्मा घाला, हातमोजे काढा. ब्लेडच्या सरळ रेषेत उभं न राहता बाजूला उभं राहा आणि चालू करा.

पाचेक मिनिटं रिकामं चालू द्या. नवं सीलचं बेअरिंग सुरुवातीला कोमट होतं, ते चालतं. बंद करून, ब्लेड पूर्ण थांबल्यावर बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवून बघा. हात ठेववत नसेल तर पट्टा जास्त ताणलाय किंवा बेअरिंग तिरकं बसलंय. मग एक जाड नाणं टेबलावर, ब्लेडपासून लांब, कडेवर उभं करून मशीन चालू करा. ते उभं राहिलं तर थरथर काबूत आहे.

आता सुकलेल्या सागाची दोन-अडीच फुटी, सरळ कडेची फळी घ्या आणि फेन्सला लावून चिरा. शेवटी पुश स्टिक (फळी ढकलायची काठी) वापरा. फेन्सच्या बाजूच्या तुकड्यावर चटका असेल तर फेन्सचं मागचं टोक आत आलंय किंवा ब्लेडची मागची बाजू फेन्सकडे वळलीय. सुटलेल्या तुकड्यावर चटका असेल तर उलट: फेन्स मागे जास्त उघडी आहे किंवा ब्लेड दुसऱ्या बाजूला वळलंय. दोन्हीकडे सारखाच चटका असेल तर धार बघा, किंवा तुम्ही फळी फार सावकाश ढकलताय.

काम सुरू झाल्यावर

नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत सैल पडतो. आठवड्याभराने ताण पुन्हा बघा, सांगाड्याचे बोल्ट पान्याने चाचपा आणि पायरी ६ चं माप एकदा घ्या. बिडाच्या टेबलावर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून मेण चोळा, विशेषतः जूनच्या आधी. गंज चढलेल्या टेबलावर फळी अडखळत सरकते आणि मग आपण ती नको तितक्या जोराने ढकलतो.

एका कागदावर तारीख, बेअरिंगचा नंबर, पट्ट्याचं माप, ब्लेडचं पुढचं-मागचं माप आणि कुठल्या बोल्टखाली किती शिम आहेत ते लिहा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या दाराला आतून चिकटवा. पुढचं बेअरिंग बदलणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल, आणि त्या शिम पाहून त्या कशासाठी आहेत हे त्याला कळणार नाही.